नववं चित्र

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नीट पोचल्याचा निरोप रंगाच्या गाडीवाल्या ड्रायव्हरनं दिला. तो आमच्या दुकानात डबे उतरवून पुढे तुझ्या इस्पितळावरूनच जातो, तेव्हा पत्रं त्याच्याच हाती धाडत जाईन. उद्या तुझ्या घशातली गाठ काढतील. गाठ साधी आहे असं डॉक्टर म्हणाले, आणि डॉक्टर साधी म्हणाले की मला जास्त भीती वाटते, हे तुला ठाऊक आहेच.

तुझी खुदू मजेत आहे. ही ओळ मी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिली, कारण तुझी आजची झोप तिच्यावर अवलंबून आहे. तुला वाटलं होतं ती तुझ्यासाठी रडेल. तर नाही. दारातून तू दिसेनाशी झालीस तेव्हाही खुदकन हसली आणि नंतर बराच वेळ हसतच होती. औषध मी घड्याळ समोर ठेवून देतो. चमचा भरून वर धरतो, रेघेला बरोबर आला की मगच तिच्या तोंडाशी नेतो. तोवर ती तोंड मिटून टाकते, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी खाली पाट्या रंगवत असतो तेव्हा शेजारच्या शिंपीणकाकू तिला सांभाळतात. पोर एवढी हसते कशाला, असं त्यांनी विचारलं. मी तू सांगितलेलं सगळं पाठ म्हणून दाखवलं: आजाराचं नाव अँजलमन, फार थोड्या मुलांना होतो, पंधराव्या गुणसूत्राचा बारीकसा तुकडा नसतो, यात कुणाचा दोष नाही, बोलता येत नाही, तोल सांभाळायला हात वर धरून चालावं लागतं, झोप कमी, झटके येऊ नयेत म्हणून औषध, आणि हसू मात्र चारचौघांपेक्षा जास्त. काकू म्हणाल्या, बोलत नाही एवढंच ना, आमच्या घरातले बोलून कुठे उजेड पाडतात. त्यांनी तिला कापड बेतायचे जुने कागद दिले आहेत. ते चुरगाळायला मिळाले की ती तासभर कुणाची नाही.

आता मुद्द्याचं. दाजींचा बंदरावरून फोन आला होता. त्या निवासी शाळेत एक जागा रिकामी झाली आहे. मुलं तिथंच राहतात, सुट्टीत घरी येतात. महिनाअखेरपर्यंत होकार कळवला नाही तर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. मी खुदूला नेऊन शाळा पाहावी आणि तुला लिहावं असं ते म्हणाले. ताई, मी पाटीवरची वेलांटी ठरवायला अर्धा दिवस घेणारा माणूस. मला हे कसं जमेल?

झोपवताना मी तिला आपलं ते गाणं म्हणून दाखवतो. हसून हसून लोळते. माझ्या गाण्याला एवढी दाद देणारं या जगात दुसरं कुणी नाही.

माझ्याकडून काही चुकत असेल तर कान धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझा,
मोजपट्टी


८ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

गाठ निघाली. साधीच होती, आता तरी श्वास सोड. पण तीन आठवडे बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, खोकायचं तेही बेतानं, असा हुकूम आहे. माझी तोंडाची टकळी तुला माहीत आहे. दाजी म्हणे या बातमीवर फोनमध्ये क्षणभर गप्प झाले. बहुधा आनंदानं.

वॉर्डात एक गंमत आहे. मला बोलता येत नाही म्हणून सगळे माझ्याशी ओरडून बोलतात. एक मावशी तर शब्द तोडून तोडून सांगतात, जणू मी तीन वर्षांची आहे. मी हसते. दुसरं काय करणार?

तुझं गाणं तिला आवडतं हे वाचून बरं वाटलं. देवानं पोरीला पुष्कळ दिलं, सुराचा कान तेवढा दिला नाही, हा तुझा नशिबाचा भाग.

शाळेचं तूच पाहा. मला ठरवता येत नाही रे. आठ वर्षं झाली. अंगानं ती आता माझ्या खांद्याला आली, आणि तिला उचलताना माझी कंबर मला माझं वय सांगते. आणखी दहा वर्षांनी कोण उचलेल? तिकडे शिकवणारे आहेत, नर्स आहे, तिच्यासारखी मुलं आहेत. आणि दुसरीकडे मन म्हणतं, जिला स्वतःबद्दल एक शब्द सांगता येत नाही तिला मी परक्यांच्या हाती देऊ? म्हणून तुला सांगते. तिला घेऊन जा, सगळीकडे फिरव, आणि तिचा चेहरा पाहा. ती तिथे खुशीत असेल तर मी होकार देईन. तू बारीक पाहतोस, तुझ्यावर माझा भरवसा आहे.

अजून एक. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी चित्रांची पाटी करायला सांगितली होती. चित्रावर हात ठेवून हवं ते सांगायचं, असं. दोन वर्षं मी आज करू उद्या करू म्हणत राहिले. घरात रंगारी भाऊ असून माझ्या पोरीला पाटी नाही, म्हणजे सुताराच्या घरी मोडकी खाट. तेवढी करशील?

तिच्या कपाळाचा पापा घे. जेवत जा. तुझ्यावर जीव आहे, तो आता लिहूनच सांगावा लागतो.

ताई


१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मी श्वास सोडला.

पाटी झाली. पातळ पत्रा कापून कडा घासून गोल केल्या, बोट लावून सगळीकडून तपासलं. पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, त्यावर आठ घरं: पाणी, जेवण, बाहेर, झोप, कागद, शी-शू, आई, मामा. पेल्यावर उजेडाची तिरीप काढली, ताटाला सावली दिली. आमचे मालक, थोरले पेंटर, पाहून म्हणाले, गिऱ्हाइकाला एवढं देशील तर दुकान बुडेल. तुझं चित्र काढायला सगळ्यांत वेळ लागला. केस बरोबर आले आहेत, नाक थोडं मोठं झालं. खरं सांगायचं तर ते तेवढंच आहे.

पण खुदूनं माझा चांगलाच मुखभंग केला. पहिल्या दिवशी तिनं पाटी चाटली. दुसऱ्या दिवशी पालथी करून वाजवली. मी हार मानली नाही. ती पाण्याकडे धावली की तिचा हात पेल्यावर ठेवायचा आणि लगेच पाणी द्यायचं, असं करत राहिलो. काल तिनं आपण होऊन पेल्यावर थाप मारली. मी पाणी दिलं. तिनं ते माझ्या अंगावर ओतलं आणि पुन्हा पेल्यावर थाप मारली. ताई, मी भिजलेल्या सदऱ्यानं शिंपीणकाकूंकडे धावलो आणि त्यांना वाटलं आग लागली.

आता शाळा. काल गेलो होतो. जागा स्वच्छ आहे. पायऱ्यांऐवजी उतार आहेत, कोपऱ्यांना रबर लावलं आहे, मी दाबून पाहिलं. बागेत उघडा नळ आहे. वर्गात सहा मुलं. निजायच्या खोलीत पलंगांना कठडे. चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील, हळू बोलतात. खुदू बागेत हसली, वर्गात हसली, पण जेवणाच्या दालनात जी हसली तशी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मुलं जेवायला बसली होती, ताटं वाजत होती, वर पत्रा. आत पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत हसू थांबेना, हसता हसता वाकून गेली. बाई म्हणाल्या, नुसत्या हसण्यावरून आम्ही ठरवत नाही. त्या रोज अशी मुलं पाहतात, त्यांना सवयीनं तसं वाटत असेल. मी तर तिचा चेहरा सारखा पाहत होतो. ती खुशीत होती, ताई. हे लिहिताना मला वाईट वाटतंय आणि बरंही वाटतंय, पण तू विचारलंस तेच लिहितो.

तुझा आवाज लवकर येवो. माझ्यावर रागावायला तरी.

तुझा,
मोजपट्टी


१५ फेब्रुवारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ठरवलं, द्यावा होकार. दाजींना तसं लिहूनही टाकलं, पत्र बंदरावर जाईल. नंतर पांघरूण ओढून घेतलं. आवाज न करता रडायला मी इथे चांगलीच शिकले आहे.

तिसऱ्यांदा वाचलं ते आज, आणि त्याचं कारण दूध.

झालं असं, की इथे सकाळी कोमट दूध देतात. साय तरंगत असते. दूध मी लहानपणापासून पीत नाही, तू माझ्या वाटचं प्यायचास आणि आई मला शाबासकी द्यायची. पहिल्या दिवशी मावशींनी ओरडून विचारलं, आवडलं का. माझी पाटी-पेन्सिल उशाखाली होती, त्या घाईत होत्या, मी काय करणार, हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आज त्यांनी माझ्यासमोर दोन पेले ठेवले आणि शेजारच्या बाईंना सांगितलं, हिला दूध भारी आवडतं, बघा कशी हसते.

मी ते दोन्ही पेले प्यायले रे. आणि पिताना तुझं जेवणाचं दालन डोळ्यांपुढे आलं.

म्हणून मला दोन गोष्टी सांग. मन शांत ठेवून सांग, स्वतःला बोल लावत बसू नकोस. पहिली, ती दालनात हसत होती तेव्हा तिचे हात कुठे होते? दुसरी, तुझ्या पाटीवर आठ घरं आहेत. पाणी आहे, कागद आहे, माझं नाक आहे. "नको" कुठे आहे?

आपण तिला हसरी म्हणून खुदू म्हणालो. हसली की समजायचं सगळं ठीक, हे मीच तुम्हा सगळ्यांना शिकवलं. मलाही दुसरं काही ऐकायचं नव्हतं बहुतेक.

दाजींचं मी पाहते. तू फक्त पाहा आणि लिही.

तुझी दूध प्यायलेली,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात घेऊनच पाटीसमोर जाऊन उभा राहिलो. नाही. आठपैकी एकाही घरात नाही. मी तिला जे जे द्यायला तयार होतो तेच रंगवलं होतं. दुकानाची पाटी करावी तसं: आमच्याकडे अमुक मिळेल, तमुक मिळेल. गिऱ्हाइकाला काही नको असेल हे कुठली पाटी सांगते?

हातांचं आठवून पाहिलं, आणि आठवायला फार लांब जावं लागलं नाही. माझ्या निळ्या सदऱ्याचं वरचं बटण त्या दिवशी तुटलं. तिनं दोन्ही मुठींनी सदरा धरून ठेवला होता. मला वाटलं, आनंदानं धरला. कान लाल होते. मला वाटलं, उकाड्यानं. आखणीच्या दोरीला खडू लावून ती ताणतो आणि खुदूला टणकन सोडायला देतो, तेव्हाही ती हसते, पण तेव्हा हात वर असतात, बोटं फाकलेली असतात आणि ती पुन्हा दोरीकडे जाते. हसू तेच. हात वेगळे. मी रोज दोन्ही पाहत होतो आणि वेगळं मोजत नव्हतो. तू जाताना दारात ती हसली होती, तेव्हा तिचे हात काकूंच्या पदराला होते, हे मला काकूंनी आज सांगितलं.

नववं चित्र तुझं पत्र आलं त्याच दिवशी केलं. काय काढावं यावर बराच अडलो. फुली काढली, ती कडक वाटली, पुसली. शेवटी पुढे केलेला तळहात काढला, लाल जमिनीवर, सावली नाही, तिरीप नाही, काही नाही. पाटीवर जागा नव्हती म्हणून वेगळ्या पत्र्यावर केला आणि दोरीनं तिच्या गळ्यात अडकवला.

शिकवायचं कसं? मी स्वतःच नाटक करायला लागलो. काकूंनी मला टाचणी दिली की मी पत्र्यावरच्या तळहातावर थाप मारायची आणि काकूंनी ती परत घ्यायची. जुना जोडा दिला, थाप, परत. खुदू पाहत होती. काकू म्हणाल्या, या वयात मला जोडे उचलायला लावलेस. दोन दिवस काही झालं नाही.

काल झोपवताना मी आपलं गाणं सुरू केलं. ती हसायला लागली. मी नेहमीसारखा आवाज चढवला. तिनं पत्रा उचलला, त्यावर एक थाप मारली आणि हात माझ्या तोंडावर ठेवला.

मी थांबलो. ती लगेच हसायची थांबली. खात्री करावी म्हणून पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा थाप, या वेळी जोरात.

ताई, तिला माझं गाणं आवडत नाही. ती तान्ही होती तेव्हापासून मी ते म्हणतोय. शिंपीणकाकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्हालाही सांगायचं होतं, आमच्याकडे पत्रा नव्हता.

एक अडचण झाली आहे. आज सकाळी तिनं औषधाला थाप मारली. हे नको ऐकता येत नाही, आणि ऐकलं नाही तर तिचा पत्र्यावरचा विश्वास जाईल. घाबरून शाळेच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आधी तिला सांगा की ऐकलं, तुला नको आहे. मग सांगा की हे घ्यावंच लागतं. आणि जेवढं तिच्या हातात देता येईल तेवढं द्या: चमच्यानं की पेल्यानं, मांडीवर की खुर्चीत. तसं केलं. पेल्यानं, खुर्चीत. तोंड मिटलं नाही. मी इतके दिवस चमचा रेघेला आणत बसलो होतो आणि तिला चमचाच नको होता. आता मी पेल्यात मापून ओततो.

बाईंना सगळं सांगितलं. परवा पुन्हा या म्हणाल्या, पत्रा घेऊन. दाजींकडे तुझं पत्र पोचलं असेल का? मला रात्रंदिवस तेच वाटतंय.

गाणं सोडून माझं बाकी सगळं आवडतं असं धरून चाल.

तुझा,
मोजपट्टी


२१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्यानंच लिहितोय, ड्रायव्हर घाई करतोय, म्हणून अक्षराला क्षमा कर.

शाळेत पुन्हा गेलो. मी काही बोलायचं नाही, ओढायचं नाही, ती थांबेल तिथे थांबायचं, असं बाईंनी आधीच बजावलं. बागेत ती नळाशी बसली, पत्र्याची आठवणच नाही. वर्गात गेली. एका मुलानं तिला खेळायला कागद दिला, तिनं तो चुरगाळून त्याला परत दिला. दोघांनी हात वर केले. तिथून तिला उठवावं लागलं.

जेवणाच्या दालनाच्या दारात हसू सुरू झालं. तेच, वाकून हसणं. माझा हात आपोआप बटणावर गेला. पण तिनं सदरा धरला नाही, पत्रा धरला. थाप, थाप, थाप. बाईंनी लगेच तिला बाहेर आणलं. म्हणाल्या, तो छपराच्या पत्र्याखालचा कलकलाट आहे, आणखी दोन मुलांनाही सोसत नाही, त्यांना आम्ही ओसरीत जेवायला बसवतो. ओसरीत ती जेवली.

मला हायसं वाटलं. वाटलं, मग दालन सोडून बाकी सगळं तिला चालतं. तिथून निजायच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसली, कठडा हलवून पाहिला, उशी दाबून पाहिली. माझीच भाची. मग हसली नाही, काही नाही. शांतपणे तळहातावर हात ठेवला आणि माझं बोट धरून दाराकडे निघाली.

बाई रागावल्या नाहीत. दिवसाची शाळाही आहे, सकाळी या, चारला घरी न्या, ती जागा वेगळी असते, असं त्या म्हणाल्या. निवासाचं पुढे कधी तिच्या मनात आलं तर पाहू. आई काय म्हणते ते विचारा, म्हणाल्या. मी म्हटलं, विचारतो. पण ताई, तू विचारलं होतंस ती खुशीत आहे का. त्याचं उत्तर मी मागे चुकीचं लिहिलं होतं. आता तिनं दिलं आहे ते लिहिलं.

तुझ्या पुढच्या पत्राची वाट पाहणारा,
मोजपट्टी


२ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तू आम्हाला घरी सोडून गाडीत बसलास त्याला अजून दिवस झाला नाही, आणि मी लिहायला बसले. आवाज आलाय, पण दाराच्या बिजागरीसारखा. दिवसाला थोडासाच वापरायचा आहे, तो मी दाजींसाठी राखून ठेवला होता.

त्यांना फोनवर सांगितलं की माझ्या पत्रातला होकार मागे घेतला, दिवसाची शाळा घ्यायची. ते आधी कुरकुरले. उद्या आपण म्हातारे झालो की काय, वगैरे. तो प्रश्न खराच आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, तेही मी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, ती खरंच सांगते का? मी फोन खुदूच्या कानाला लावला. बाप मोठ्यानं लाडानं बोलायला लागला, आणि तिनं हसत हसत पत्रा वाजवला. हा कसला आवाज, म्हणाले. मी म्हटलं, फोन नको म्हणतेय. मग इतक्या हळू, की मला जेमतेम ऐकू आलं, म्हणाले, बरं बरं, नको तर नको. सोमवारपासून ती शाळेत जाईल.

आता तू पाहिलं नाहीस ते लिहिते. काल मी तुझ्या दारात पोचले तेव्हा तू रिक्षातून सामान काढत होतास. ती आत तुझ्या दोरीशी खेळत होती. मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. इस्पितळात रोज याच क्षणाची उजळणी केली होती. ती वळली. मला पाहिलं. हसली. आणि माझ्याकडे पाहत पाहत तिनं तळहातावर थाप मारली.

माझे हात तसेच राहिले. मग कळलं. मी न सांगता गेले होते. तिला काय कळणार, म्हणून दारातून निसटले होते. ती त्या दिवशीही हसली होती आणि आपण म्हणालो, बरं झालं, रडली नाही. आठ वर्षांत ती माझ्यावर कधी रुसली नाही रे. रुसायला काही साधनच नव्हतं तिच्याकडे.

एरवी मी तिला उचलून मुके घेतले असते. काल हात खाली घेतले. घोगऱ्या आवाजात म्हटलं, ऐकलं मी. आणि तिथंच उंबऱ्याशी बसून राहिले. तू पिशव्या घेऊन मला ओलांडून गेलास आणि विचारलंस, कंबर धरली का. मी हो म्हटलं.

ती दोरी सोडत राहिली, खडूची धूळ उडत राहिली. मधून मधून मान वळवून बघायची, मी आहे ना. मी होते. बऱ्याच वेळानं तुझी आठ घरांची पाटी फरशीवरून ओढत माझ्यापर्यंत आणली, माझ्या मांडीवर आपटली आणि आईच्या चित्रावर हात ठेवला. नेमका नाकावर.

पुढच्या रविवारी जेवायला ये. रंगाचा डबा आण, नवी घरं करायची आहेत, तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच दिसतंय. गाणं मात्र दुकानातच ठेवून ये.

तुझ्यावरचा लोभ कमी व्हायचा नाही. झालाच तर पत्रा वाजवीन.

ताई